पहिल्या तक्रारीचा सत्कार

आपली वाडी, पोस्ट उंब्रज
शिवरात्रीचा दुसरा दिवस

चि. क्रांती हीस कृष्णातमामाचे अनेक आशीर्वाद.

(आशीर्वाद द्यायची लायकी सध्या माझ्यात आहे की नाही याची मलाच शंका आहे, पण पत्र दुसऱ्या कशानं सुरू करायला मला येत नाही. तेव्हा तूर्त घेऊन ठेव. पत्र वाचून नकोसे वाटले तर परत पाठव.) तू, जावईबापू आणि ओवी सुखरूप असाल अशी आशा आहे. सांगलीत ऊन लवकर तापतं, पोरीला दुपारची बाहेर सोडू नकोस. आमच्याकडे मामीचा गुडघा दुखतो, माझी साखर वाढते आणि म्हैस आटत चालली आहे, बाकी सगळे क्षेम.

तीन आठवड्यांत तू किती वेळा फोन केलास ते मला ठाऊक आहे, कारण प्रत्येक वेळी मी फोनच्या शेजारीच बसलेला होतो. मामीनं तुला सांगितलं की मामा रानात गेलेत, मामा कराडला गेलेत, मामा पाटावर गेलेत. (एकदा ती चुकून "ह्ये काय हितंच हायती" असं म्हणाली आणि मी डोक्यावरून घोंगडी ओढून घेतली. ते तुला व्हिडिओत दिसलं असेल तर ती म्हैस नव्हती, मी होतो.) खरं सांगायचं तर मला तुला तोंड दाखवायची लाज वाटते. पत्रात तोंड दिसत नाही, म्हणून पत्र.

गेल्या वर्षी मी पद घेतो आहे म्हटल्यावर तू मला ती पुस्तिका पाठवलीस. लोकपाल आणि मानवी हक्क संस्था कशा असाव्यात याचे सगळ्या जगानं मिळून ठरवलेले नियम, पॅरिसचे आणि व्हेनिसचे, तू स्वतः रात्री जागून मराठीत केलेले. वर चिठ्ठी होती : "मामा, हे आधी नीट वाचा, मग खुर्चीवर बसा." आता ऐक मी काय केलं. मी त्या पुस्तिकेला खाकी कव्हर घातलं, त्यावर प्लास्टिकचं कव्हर घातलं आणि खंडेनवमीला माझी पदकं, विळा, खुरपं आणि मोटारसायकल यांच्या रांगेत मांडून तिला हळदकुंकू वाहिलं. झेंडूचं फूलही वाहिलं. एकदा पूजा झाल्यावर ती देवाच्या फळीवर गेली, आणि फळीवरचं काढून वाचत बसायची आपल्याकडे पद्धत नाही. मी खुर्चीवर आधी बसलो.

खुर्ची कशी मिळाली तेही सांगतो. पुस्तिकेत लिहिलं आहे (आता वाचली आहे, जवळजवळ पाठ आहे) की अशा माणसाची निवड शक्यतो संसदेनं भरघोस बहुमतानं करावी, म्हणजे तो कुणा एकाचा मिंधा राहत नाही. माझी निवड नातवाच्या जावळाच्या जेवणात झाली. धैर्यशीलराव, म्हणजे आपल्या सूनबाईचे, शिवांजलीचे वडील, माझे व्याही, आणि गावच्या पंचधारा दूध संस्थेचे चेअरमन. वरच्या दूध संघाचं तूप परदेशी जायचं घाटत होतं आणि तिकडच्या लोकांनी अट घातली होती की प्रत्येक संस्थेत आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे एक स्वतंत्र तक्रार निवारक हवा. धैर्यशीलराव पंगतीत माझ्या शेजारी बसून म्हणाले, "आवं सुभेदार, गावात तुमच्याएवढा स्वतंत्र माणूस दुसरा कोण हाय? सकाळी उठल्यापास्नं मोकळंच असतासा की." मी मटणातली नळी चोखत होतो. तशाच अवस्थेत मान हलवली. मुदत निदान सात वर्षांची असावी असं पुस्तिका म्हणते. माझी साखर पाहता डॉक्टरनं मला सात वर्षांचा शब्द दिलेला नाही, पण मी व्याह्यांना दिला. "तक्रार निवारक" हे कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून दोन दिवसांत सगळं गाव मला लोकपाल म्हणायला लागलं. मामीसुद्धा. "लोकपाल, दळण आणा," असं.

माझं स्वतंत्र कार्यालय म्हणजे सेक्रेटरी बाळासोच्या खोलीतली दुसरी खुर्ची. तक्रारपेटी ठोकली ती दुधाची फॅट मोजायच्या मशीनच्या (दुधाचा दर त्यावरच ठरतो) बरोबर वर, म्हणजे जिथं बाळासो सकाळ-संध्याकाळ बसतो तिथं. पेटीची किल्ली बाळासोनं आपल्या जुडग्यात अडकवली. "तुमी इसरशीला, सुभेदार," म्हणाला. किती काळजी घेतो, असं मला वाटलं. दोन महिने पेटीत काही पडलं नाही. एकदा उघडली तर एक लग्नपत्रिका निघाली, तीही बाळासोच्या नावाची. वाटेत भेटेल त्याला मी विचारायला लागलो, तक्रार हाय का काय? सगळे म्हणायचे, न्हाई, लय झ्याक चाललंय. मी धैर्यशीलरावांना अभिमानानं सांगितलं की गाव सुखी आहे. क्रांती, मला तेव्हाच कळायला हवं होतं. पलटणीत सैनिक संमेलन असायचं, साहेब व्यासपीठावरून विचारायचे, "कोई तकलीफ?" आणि आम्ही चारशे जण ओरडायचो, "नहीं साब!" मी स्वतः एक नंबर लहान बूट घालून सहा महिने तसं ओरडलो आहे.

मग मार्गशीर्षात एका दुपारी राहीबाई आली. राहीबाई तुला आठवत असेल, आपल्या मागच्या आळीतली, तू सुट्टीला आलीस की वाटीभर खरवस आणून द्यायची. नवरा गेला, पोरगी दिली. आता घरात ती आणि एक म्हैस, आणि त्या म्हशीच्या दुधावर दोघींचं चालतं. ती पुढच्या दारानं आली नाही. गोठ्यातून आली, मामीच्या आडोशाला बसली आणि म्हणाली, "सुभेदार, माझ्या दुधावर बोटभर साय येती, पर मशीन साडेपाचाच्या वर जात न्हाई. मशीनचं तोंड बाळासोकडं, आन् चिठ्ठीबी त्योच हातानं लिवतोय. काय इचारावं तर दूध परत करंल ही भ्या." आणि जाताना उंबऱ्यातून परत फिरून म्हणाली, "नाव तेवढं कुठं घिऊ नका, आवं. रोज तितंच दूध घालायचंय मला." मी गळ्याला हात लावला. सुभेदाराचा शब्द, असं म्हणालो. हे दोन्ही मी केलं, मामी साक्षीला होती.

ती गेली आणि मी नव्या वहीवर लिहिलं : तक्रार क्रमांक एक. शिक्का मारला. तुला खोटं वाटेल, पण आनंदानं मला जेवण गेलं नाही. दोन महिने रिकामा बसलेला लोकपाल, त्याच्या पदरात अखेर तक्रार पडली होती. मामी म्हणाली, "पोटात ठिवा." मी म्हटलं, मला शिकवू नकोस. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला धैर्यशीलरावांकडं जाऊन फक्त एवढंच सांगितलं की एक तक्रार आली. नाव नाही सांगितलं! इथपर्यंत मी निष्कलंक आहे याची नोंद घ्यावी. (पुढे नोंद घेण्यासारखं काही नाही.)

धैर्यशीलरावांना माझ्याहून आनंद झाला. संघाला कळवायला पुरावा हवा होता की आमच्याकडे तक्रारी होतात. ते म्हणाले, "मग पहिल्या तक्रारदाराचा सत्कार कराय पायजे." आता तू सांगलीत राहतेस, तुला आपल्या भागाचा विसर पडला असेल, म्हणून सांगतो. इथं पोरगं बारावीला दुसऱ्या खेपेला पास झालं तरी चौकात फ्लेक्स लागतो. कुणाला नारळ-शाल नको म्हणणं म्हणजे त्याच्या ताटातली भाकरी उचलणं. मी म्हटलं, ते गुप्त असतं. धैर्यशीलराव म्हणाले, "व्हय, तक्रार गुप्त ठिवू की. सत्कार तेवढा उघड करू." मला ते पटलं. मला ते कसं पटलं हे मी तीन आठवडे शोधतो आहे. एक तर राहीबाईला जन्मात कुणी शाल घातलेली नाही, असा विचार मनात आला होता, हे खरं. आणि दुसरं म्हणजे लोकपालालाही फेटा बांधायचं ठरलं होतं, हेही खरं. कुठलं आधी मनात आलं ते विचारू नकोस. मी कागदाच्या कपट्यावर नाव लिहून दिलं.

उंब्रजच्या पप्पू फ्लेक्सवाल्यानं आठ बाय दहाचा बोर्ड केला. वर धैर्यशीलराव, हात जोडलेले. मधे मी, वर्दीतला, वीस वर्षांपूर्वीचा. खाली राहीबाई, कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून कापून काढलेली, जिलेबीच्या परातीसकट. आणि सोनेरी अक्षरात : "गोपनीय तक्रार योजनेच्या पहिल्या मानकरी श्रीमती राहीबाई यांचे हार्दिक अभिनंदन!" गोपनीय हा शब्द लाल रंगात, सगळ्यात मोठा. हायवेवरून पुण्या-कोल्हापूरला जाणाऱ्या सगळ्या एस्ट्यांना दिसेल असा लावला. जिचं तोंड बाळासोनं आधीच दाबलं होतं, तिचं तोंड मी आठ बाय दहाचं करून टांगलं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर संस्थेच्या अंगणात कार्यक्रम झाला. राहीबाईला निरोप होता, चेअरमननी सहीला बोलावलंय. ती दुधाची किटली हातात घेऊनच आली, आणि येताना तिनं माझ्याकडं बघून जरा मान हलवली. तिला वाटलं असणार की सुभेदारानं गुपचूप काम केलं. मग तिचं नाव पुकारलं. शिवांजलीनं शाल घातली. नारळ, सेक्रेटरी या नात्यानं, बाळासोनं दिला. त्यानं वाकून नमस्कारसुद्धा केला. राहीबाई त्या नारळाकडं बघत राहिली, मग माझ्या फेट्याकडं, आणि हळू आवाजात म्हणाली, "सुभेदार, ह्ये काय केलासा?" माईक समोरच होता. सगळ्या अंगणाला ऐकू गेलं. लोकांना वाटलं, बाई आनंदानं बोलली. टाळ्या पडल्या. क्रांती, त्या टाळ्यांत माझ्याही दोन होत्या, हात आपोआप उठले. कुंपण शेत खातं म्हणतात. इथं कुंपणानं शेताचा सत्कार करून मग खाल्लं.

सत्तावीस तारखेला सकाळी बाळासोनं तिचं दूध परत केलं. आंबट आहे म्हणाला. अर्ध्या तासापूर्वी काढलेलं दूध! वर म्हणाला, "सत्काराच्या नारळाचं पानी पडलं आसंल." सगळी रांग हसली. चार दिवस हेच. पाचव्या दिवसापासून राहीबाई पाटापलीकडच्या गावाला चालत दूध घालायला जाते, जायला एक तास, यायला एक तास, आणि तिथं फक्त सकाळचं घेतात. संध्याकाळचं दूध विरजून ती ताक करते, आणि ताक आपल्या गावात कोण विकत घेतं? असंच चाललं तर उन्हाळ्याच्या आत म्हैस विकावी लागेल, असं मामी म्हणते. मी धैर्यशीलरावांकडं गेलो. ते रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. "पाव्हणं," म्हणाले, "आपल्या आपल्यात काय? बाळासो जरा तापट हाय, आठ दिसांत थंड हुईल." आणि पेढ्यांचा बॉक्स पुढं केला. मी दोन खाल्ले. पुस्तिका सांगते की लोकपालाला कुठलेही कागद विनाअडथळा बघायचा अधिकार असावा, म्हणून मी बाळासोकडं फॅटची वही मागितली. तो म्हणाला कपाटाची किल्ली हरवली. जुडगा त्याच्या कमरेला वाजत होता.

तेव्हा मला फौजी युक्ती सुचली. एका सकाळी राहीबाईच्या म्हशीचं दूध मी आमच्या किटलीत घेतलं आणि माझ्या नावावर घातलं. चिठ्ठी आली सात पूर्णांक चार! तिच्या जुन्या चिठ्ठ्या मामीनं मागून आणल्या होत्या : पाच एक, पाच तीन, पाच एक. तीच म्हैस, तोच गोठा, फक्त किटली चेअरमनच्या व्याह्याची. मी संस्थेच्या पायरीवरून उडी मारत घरी आलो आणि मामीला म्हटलं, पुरावा सापडला! मामी भाकरी थापत होती. ती थापायची थांबली नाही. भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "आवं, मग आपल्या दुधाचं रोज सात कसं येतंय?" मी म्हटलं, आपली म्हैस जातिवंत आहे. ती म्हणाली, "म्हस आटलीया. दोन म्हैनं झालं, किटली भरावी म्हनून मी तांब्याभर पानी घालती. तुमाला वाईट वाटंल म्हनून बोलली न्हाई. तरीबी सातच येतंय."

मी खाली बसलो. क्रांती, चोवीस वर्षांच्या नोकरीत मी कँटीनची साबणाची वडीसुद्धा उचलली नाही. आणि आपल्या जयराजचं शिवांजलीशी लग्न झाल्यापासून, दोन वर्षं, राहीबाईच्या म्हशीची साय माझ्या नावावर चढत होती, आणि मी पारावर बसून आमच्या म्हशीचं कौतुक सांगत होतो. बाळासो एकीचं काढून दुसऱ्याला देत होता, आणि तो दुसरा मी होतो, आणि चौकशी करणाराही मीच. त्या संध्याकाळी मी फळीवरून तुझी पुस्तिका काढली, कुंकू झटकलं आणि वाचली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत माझ्यावरच लिहिलेली आहे असं वाटलं. जगातल्या एवढ्या शहाण्या लोकांनी आपली वाडी कधी पाहिली, हे मला कळत नाही. स्वतंत्र असावा, हितसंबंध नसावेत, तक्रारदाराला झळ पोचू देऊ नये. मी एकही नियम मोडायचा शिल्लक ठेवलेला नाही. लाज वाटते एवढंच म्हणतो, याहून मोठा शब्द मला येत नाही.

राजीनामा लिहिला आहे. तो नऊ दिवस शर्टाच्या खिशात होता, काल मामीनं शर्ट धुतला, आज पुन्हा लिहिला. त्याची नक्कल सोबत जोडली आहे. शुद्धलेखन तपासून द्यावे. मोठ्यांस नमस्कार, ओवीस गोड पापा.

तुझा,
कृष्णातमामा
(तक्रार निवारक, हे खोडले आहे)

ता. क. राजीनाम्याची नक्कल तपासू नकोस, फाडून टाक. मी तो देणार नाही. आत्ताच धैर्यशीलरावांना फोनवर नुसतं सुचवून पाहिलं, तर ते म्हणाले की मग निरोपाचा सत्कार केला पाहिजे, फेटा जरीचा बांधू. तेव्हा मला राजीनाम्यानं जाता येत नाही. मला काढून टाकायला हवं, आणि का काढलं ते कागदावर लिहून. पुस्तिकेतही असंच आहे, कारण दाखवून काढावं.

ता. क. दुसरा. खरं काम आता सांगतो. हे पत्र लिहीत असताना दुपारी राहीबाई आली. गोठ्यातूनच. मला वाटलं शिव्या द्यायला आली, मी उभा राहिलो. ती नेहमीच्या जागी बसली आणि म्हणाली, "एक तक्रार लिवायची हाय, सुभेदार. लोकपालावर. मला लिवता येत न्हाई आन् तुमचं अक्षर चांगलं हाय." मी वही घेतली. तिनं सांगितलं आणि मी लिहिलं : लोकपाल माणूस वाईट न्हाई, पर त्याच्या पोटात काय राहत न्हाई. त्याला फेटा लय आवडतो. त्यानं माझं नाव सांगितलं म्हणून माझं दूध परत गेलं. मला दुसरं काय नको, माझं दूध माझ्या गावात घ्या आन् खरं मोजा. मी विचारलं, अजून काही? तर म्हणाली, "माझं नाव कुणाला सांगू नका. त्या लोकपालाला तर मुळीच नगं." मी तिच्याकडं पाहिलं. ती हसत नव्हती. ती तक्रार, चिठ्ठ्या आणि माझा लेखी कबुलीजबाब (चार पानं, मामीच्या पाण्याच्या तांब्यासह) सोबत आहेत. सांगलीत असा माणूस शोध ज्याचा इकडे व्याही नाही, साडू नाही, भावकी नाही आणि ज्याला फेटा शोभत नाही. त्याच्या हातात दे. मला घालवायला वेळ लागला तरी चालेल, पण तिचं दूध आधी सुरू होऊ दे. तोवर तिच्या संध्याकाळच्या दुधाची किटली मी पाटापलीकडं डोक्यावरून पोचवतो, तिथल्या माणसाला मी हातापाया पडून तयार केलं आहे. तो मला ओळखत नाही, हे फार बरं आहे.

ता. क. तिसरा. कात्री घेऊन तिच्या तक्रारीवरचं नाव मी कापून काढलं, चिठ्ठ्यांवरचंही कापलं आणि निश्चिंत झालो. मग हे पत्र एकदा वाचून पाहिलं. तिचं नाव किती वेळा आलं ते मोजायला लागलो आणि मोजणं सोडून दिलं. खोडून बघितलं तर खालून दिसतं. वाचून झालं की लगेच जाळ, जावईबापूंनाही दाखवू नकोस. पाकीट डकवताना मामीनं विचारलं, वर "गोपनीय" म्हणून लिहायचं का? मी म्हटलं नको. मागच्या खेपेला ते लिहिलं होतं.